निळ्या चौकटींचं मेणकापड

६ जानेवारी

चि. खडू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हरने खोकं पोचवलं असेल. आत तीन ठोकळे आहेत. फुकटच्या मालाचे आहेत, म्हणून त्यांची खरी किंमत आधी सांगतो. शेजारच्या बेसिन-कमोडच्या कारखान्याने फुटकी भांडी नेऊ दिली, एक पैसा घेतला नाही. त्यांच्या भट्टीच्या चौकीदाराने फक्त चहा घेतला. बारा दिवस, दिवसातून दोनदा, माझ्या खर्चाने. भांडी दळताना चक्कीचे हातोडे झिजले, सहा नवे घातले. मिस्त्रीच्या चष्म्याची एक काच गेली. औषध सांडून माझ्या शर्टाची बाही गेली. तुझ्या मामीचं टेबलावरचं मेणकापड गेलं, निळ्या चौकटींचं, नवं, कारण ठोकळे गुंडाळायला ऐन वेळी दुसरं काही सापडेना. आणि त्या कापडापायी आज चौथा दिवस अबोला. याचा बाजारभाव मला माहीत नाही, पण मी पान स्वतः वाढून घेतो आहे. तीन ठोकळे चांदीचे केले असते तर बहुधा स्वस्त पडले असते.

याला कारण तू. मागे आलीस तेव्हा जेवता जेवता म्हणालीस की एक पोतं सिमेंट भाजायचं तर जवळजवळ पोतंभर वजनाचा धूर आभाळात जातो. बाकीचे जेवत राहिले. मी ऐकलं. पस्तीस वर्षं सिमेंटचे ब्लॉक पाडतो आहे, म्हणजे आभाळात माझी केवढी थप्पी लागली असेल याचा हिशोब करत रात्र गेली.

तर या ठोकळ्यांत सिमेंट चिमूटभरही नाही. निम्मी फुटक्या भांड्यांची पूड, बाकी लोखंड ओतणाऱ्यांच्या भट्टीवरची मळी दळून, वर खडी आणि वाळू. पाण्याऐवजी कॉस्टिक सोडा आणि सिलिकेटचं द्रावण. त्याला आम्ही नुसतं 'औषध' म्हणतो. प्रमाण माझ्या हाताचं आहे. मुठीत दाबून पाहतो आणि कळतं.

एकच उणं राहिलं. साच्यातून काढले आणि ट्रक निघायला उभा, त्यामुळे पाणी मारता आलं नाही. मिस्त्री अजून रुसलेला आहे. त्याच्या मते पाण्याशिवाय ठोकळा म्हणजे दुधाशिवाय मूल.

तुझ्या प्रयोगशाळेच्या यंत्रात फोडून किती भरतात ते कळव. तुला खेळायला भांडी-मळीची मिश्र पूड दोन किलो आणि बाटलीभर औषधही ठेवलं आहे. फोन करू नकोस. फोनवरचं मी निम्मं ऐकतो आणि मामी सगळं.

तुझा
मामा

ता. क. लहानपणी तू आमच्या भिंतीचा चुना खरवडून खायचीस आणि शाळेतले खडू. तेव्हा सगळे डॉक्टरकडे चला म्हणत होते. मी म्हटलं, पोरगी बांधकामात जाणार.


३० जानेवारी

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

ठोकळे अठ्ठावीस दिवसांचे झाले की फोडायचे, असा नियम आहे, म्हणून उत्तराला उशीर. तोवर ते माझ्या टेबलाखाली होते आणि तीन जणांना ठेच लागली.

काल फोडले. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. हे मेगापास्कल, तुम्ही नुसता आकडा धरा. फरसबंदीला तीस लागतो. यंत्र चालवणाऱ्याने मला दोनदा विचारलं की यात सिमेंट नक्की नाही ना. मी म्हटलं, मामा खोटं बोलतात, पण मालाबद्दल नाही.

आता तीन गोष्टी. पहिली, औषध सरबताच्या बाटलीतून पाठवू नका. आमच्या शिपायाने ती फ्रीजमध्ये ठेवली होती. कॉस्टिक घशाखाली गेलं तर घसा उरत नाही. पुढच्या वेळी बाटलीवर निदान एक कवटी काढा. आणि तिकडे सगळ्यांना हातमोजे आणि चष्मे द्या, मिस्त्रींना दोन्ही काचांचा.

दुसरी, कॉस्टिक तयार करायलाही वीज लागते, धूर होतो. तुमचा ब्लॉक बिनधुराचा नाही, कमी धुराचा आहे. तुमच्या सिमेंटवाल्या साडूंपुढे बोलताना हे लक्षात असू द्या.

तिसरी, अहवाल सोबत आहे. 'नमुना कोणी घेतला' या रकान्यात मामा असं लिहिता येत नाही, म्हणून तो कोरा ठेवून मी सही केली. असं करायचं नसतं. म्हणून शेवटची ओळ नीट वाचा: 'हा निकाल फक्त मिळालेल्या तीन नमुन्यांपुरता आहे.' त्या ओळीवरच मी उभी आहे.

मामींना नमस्कार. मेणकापड ड्रायव्हरकडे परत दिलं आहे.

तुमची
खडू


८ फेब्रुवारी

चि. खडूस आशीर्वाद.

बेचाळीस! मी मिस्त्रीला सांगितलं, त्याने विचारलं कशापैकी. बेचाळीसपैकी, म्हटलं.

अहवालाला फ्रेम केली आणि ऑफिसात खुर्चीमागे लावली, म्हणजे समोरच्याला माझं तोंड आणि तुझी सही एकाच वेळी दिसते. साडू आले होते. त्यांची सिमेंटची एजन्सी, त्यामुळे फ्रेमकडे पाठ करून बसले. मी त्यांना उठवून दाखवली. म्हणाले, एखादा ठोकळा लागतो लॉटरीसारखा. मी म्हटलं, लॉटरी नाही, हाताचा गुण आहे. हे मिश्रण माझ्या मुठीतलं आहे. दुसऱ्या कोणी हात लावून बेचाळीस काढून दाखवावेत, मी धंदा बंद करून तुमच्या दुकानात पोती उचलायला येतो. मामीने हे ऐकलं आणि अबोला सोडून म्हणाली, "लिहून द्या." तेवढ्यावर आमचं बोलणं सुरू झालं.

आता पुढचं डोकं बघ. बिनपाण्याचे बेचाळीस भरले. मग पाणी मारल्यावर किती भरतील? मिस्त्रीला सांगितलं, सकाळ-संध्याकाळ पाणी, कंजुषी नको. रुसवा गेला. दुसऱ्याच दिवशी नवी नळी घेऊन आला, स्वतःच्या पैशाने.

बाकी क्षेम.

तुझा
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

घाईत लिहिते आहे. इथे वरच्या जागेसाठी मुलाखती आहेत आणि मी रात्रंदिवस वाचते आहे.

तीन ठोकळे म्हणजे पुरावा नव्हे. आणखी तीन पाठवा, ब्लॉक होतात तसेच केलेले. तोवर कुणाला शब्द देऊ नका. पाण्याचं मला नक्की सांगता येत नाही. सिमेंटला पाणी लागतं, पण यात सिमेंटच नाही. वाचून कळवते.

तुमची
खडू


२७ मार्च

चि. खडूस आशीर्वाद.

तुझं पाण्याचं कळवणं राहिलं बहुतेक. हरकत नाही, मुलाखत मोठी. झाली का?

इकडे सगळं ठीक. काम भरपूर आहे, म्हणून पत्र लांबलं. ब्लॉक रंगाने जरा गोरे झाले आहेत. वर पांढरं पीठ बसतं, हाताने पुसलं की जातं, दुसऱ्या दिवशी परत येतं. मिस्त्री म्हणतो, तहान आहे. आता दुपारीही पाणी मारतो. कोपरे थोडे नाजूक वाटतात, पण नव्या मालाचा स्वभाव कळायला वेळ लागतो, नव्या सुनेसारखा.

तू मागितलेले तीन ठोकळे पार्सलने पाठवले आहेत. अठ्ठावीस दिवसांचे आहेत, पाणी पोटभर प्यायलेले. ड्रायव्हर सध्या दुसऱ्या रस्त्यावर आहे. पार्सलवाल्याने वजनाला धरून इतके घेतले की आकडा लिहीत नाही.

निकाल लागला की सांग. घाई नाही. म्हणजे लवकर सांगितलास तर बरं.

तुझा
मामा


३ एप्रिल

ती. मामांस नमस्कार.

अकरा, दहा, बारा.

पहिल्याला वाटलं, यंत्र चुकलं. मग सिमेंटचा एक साधा ठोकळा फोडून पाहिला, तो बरोबर भरला. तुमच्या ठोकळ्यांचा तुकडा मी बोटांनी मोडला. पांढरं पीठ म्हणजे औषध धुऊन बाहेर येतं आहे.

पहिल्या तिघांत आणि या तिघांत फरक काय केलात? भांडी तीच का? मळी त्याच भट्टीची का? औषध किती? कोणत्या दिवशी साच्यातून काढले? एकेक लिहा, आठवेल तसं नव्हे, झालं तसं.

आणि एक विचारते. हे ब्लॉक कुठे गेले तर नाहीत ना?

तुमची
खडू


८ एप्रिल

चि. खडूस आशीर्वाद.

तुझं यंत्र दाखवून घे. मोठ्या यंत्रांचं असं होतं. आमचा वजनकाटा एकदा आठवडाभर मलाच शंभर किलोचा दाखवत होता आणि मामी त्यावर खूश होती.

फरक काहीच नाही. तीच भांडी, तीच मळी, तेच औषध, तीच मूठ. फक्त यांना पाणी मिळालं, म्हणजे उलट जास्तच भरायला हवेत. नाही भरले तर दोष पुढे कुठेतरी आहे.

ब्लॉक गावाबाहेर गेलेले नाहीत.

तुझा
मामा


१० एप्रिल

चि. खडूला मामीचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा समजून जा.

ब्लॉक गावाबाहेर गेले नाहीत हे खरं. ते गावातल्या सरकारी दवाखान्यात गेले. पालिकेचं सहा हजार ब्लॉकचं काम आहे, फाटकापासून वॉर्डाच्या दारापर्यंत. फेब्रुवारी संपता संपता घेतलं. अकराशे बसले आहेत. काम कसं मिळालं तेही ऐक. तुझा अहवाल फ्रेममध्ये मावेना, म्हणून यांनी खालची कडा आत दुमडली. पालिकेच्या अभियंत्याला हवी होती प्रत. ती फ्रेममधूनच काढली, काचेवरून. तुझी सही आली, ती शेवटची ओळ आली नाही. हे म्हणतात मुद्दाम केलं नाही. मला तेही खरं वाटतं. पण नंतर लक्षात आलं तेव्हा गप्प बसले, ते मुद्दाम.

काल मी दवाखान्यात गेले होते, माझ्या गुडघ्यासाठी. बसवलेल्या ब्लॉकचे कोपरे ढेकळासारखे गळतात. स्ट्रेचरचं चाक एका खड्ड्यात बसलं आणि गाडा कलंडला. वर माणूस नव्हता, धुतलेल्या चादरी होत्या. पाच मेला पालिकेचा अभियंता पाहणीला येणार आहे. त्यात ब्लॉक फसले तर तुझी सही कुठे जाईल ते मला कळत नाही, पण चांगल्या जागी नाही एवढं कळतं. हे रात्री झोपत नाहीत. यंत्राला नावं ठेवतात. नाचता येईना अंगण वाकडं.

तू फरक विचारला होतास. यांना आठवतात ते मसाले. मला आठवतं माझं मेणकापड. ते कापड परत आलं तेव्हा आकसून रुमालाएवढं झालं होतं, कडा एकमेकींना चिकटलेल्या, इस्त्री फिरवावी तसं. मी ड्रायव्हरला झापलं. तो म्हणाला, मागे जागा नव्हती म्हणून खोकं केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर ठेवलं, दोन दिवस, आणि वर त्याचं अंथरूण. जेवणाचा डबाही त्यावरच ठेवायचा, गरम राहतो म्हणून. यांना सांगितलं तर म्हणाले, कापडाचं रडगाणं पुरे.

तुझी विद्या मला नाही. पण आकसलेलं ते कापड अजून जपून ठेवलं आहे. लागलं तर पाठवते.

मामी


२२ एप्रिल

ती. मामांस नमस्कार.

मामींनी मला सगळं लिहिलं. त्यांना रागावू नका. तुम्हाला अबोला परवडत नाही.

आधी मालाचं सांगते, कारण तुम्ही आधी तेच वाचाल. जानेवारीत दिलेली पूड आणि औषध माझ्याकडे होतं. त्याचे सहा लहान ठोकळे केले. तिघांवर रोज तीनदा पाणी मारलं, मिस्त्रींसारखं. तिघांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवस साठ अंशांच्या भट्टीत ठेवलं आणि मग नुसते कोरडे. आठवड्याने फोडले. पाण्याचे नऊ. भट्टीचे चाळीस.

सिमेंट पाण्याने घट्ट होतं. हे पाण्याने होत नाही. याला बंद ठेवून ऊब द्यावी लागते, आणि सुरुवातीला पाणी मारलं तर औषध मुरण्याआधीच धुऊन जातं. ड्रायव्हरच्या इंजिनावर पहिल्या तिघांना दोन दिवस नेमकी तीच ऊब मिळाली, आणि मामींच्या कापडाने त्यांना बंद ठेवलं. तुमची मूठ वाईट नाही, मामा. पण बेचाळीस तिचे नाहीत.

पाण्याचं मी वाचून कळवते म्हटलं होतं. वाचलं नाही. पुस्तक टेबलावर होतं, मुलाखतीच्या कागदांखाली. तेव्हा अकराशे ब्लॉकांपैकी निम्मे माझ्या नावावर धरा.

आता सहीचं. काल मी आमच्या प्रमुख बाईंकडे गेले आणि कोरा रकाना, नातं, फ्रेम, दवाखाना, सगळं सांगितलं. त्या ऐकताना पेनचं टोपण लावत-काढत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाहणीच्या आधी तुमच्या मामांनी स्वतः पालिकेला सांगितलं, तर मी याला चूक म्हणीन. पाहणीत सापडलं, तर मला दुसरा शब्द वापरावा लागेल." दुसऱ्या शब्दाने नोकरी जाते.

मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. खडूही विचारून खाल्ले नाहीत. आता मागते. पाच तारखेच्या आत जा.

तुमची
खडू


३ मे

चि. खडूस आशीर्वाद.

गेलो. सविस्तर लिहितो, कारण फोनवर हे बोलवणार नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आधी मिस्त्रीला बसवलं. तो नळी हातात घेऊनच आला. पाण्याने माल मेला हे कसं सांगायचं, म्हणून मी आडवळणाने सुरुवात केली, इंजिन, ड्रायव्हर, डबा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग नळीची गुंडाळी केली, नीट, कडेला ठेवली.

"तीस वर्षांत तहानलेला माल मी कधी ठेवला नाही शेठ," म्हणाला.

मी म्हटलं, मीच सांगितलं होतं पाणी मार म्हणून, तुझा काय दोष.

"तुम्ही दोनदा सांगितलं होतं. दुपारचं मी मनाने मारत होतो."

आम्ही चहा घेतला. चहात पाणी जास्त झालं होतं, पण कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून फ्रेम काढली आणि काखेत मारून पालिकेत गेलो. अभियंत्यासमोर मागचे खिळे उपसून दुमडलेली कडा उलगडली आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. म्हटलं, पोरीने लिहिलं होतं, मी दुमडलं. आधी नकळत, मग कळून. बसवलेले अकराशे मी काढून नेतो, माझ्या मजुरीने. बाकीच्यांचं तुम्ही ठरवा.

त्याने अहवाल हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पाच तारखेला मी फक्त मोजणार होतो. अकराशे आहेत की नाहीत, एवढंच."

म्हणजे न जातो तर कळलंही नसतं. हे मी मामीला सांगितलं. ती म्हणाली, चाकाला कळलं होतं.

काम रद्द केलं नाही. दोन महिने मुदत दिली. पण अट घातली: पुढच्या ब्लॉकांतून तो स्वतः येऊन हवे ते उचलणार, त्यावर लाख लावणार आणि तुमच्या प्रयोगशाळेत पाठवणार. रकाना कोरा राहणार नाही. तोवर तिथे वाळू पसरून दिली आहे. ब्लॉक मी आणि मिस्त्रीने मिळून काढले, तीन दिवस. दवाखान्याच्या बाया खिडकीतून बघत होत्या. एकीने विचारलं, बसवता की काढता? मिस्त्री म्हणाला, दोन्ही आमच्याकडेच. काढलेले पुन्हा दळून वाळूच्या जागी वापरतो आहे. फुटक्या भांड्यांचे ब्लॉक केले, आता फुटक्या ब्लॉकांचे ब्लॉक.

उरली ऊब. सहा हजार ब्लॉकांना इंजिन कुठून आणणार? ट्रक भाड्याने घेऊन फिरवायचा विचार एक रात्र केला, तो तुझ्यापासून लपवत नाही. सकाळी चहा प्यायला चौकीदार आला. त्याला म्हटलं, तुझ्या भट्टीतला गरम वारा जातो कुठे? तर भांडी भाजून थंड होतात तिथली सगळी गरम हवा मागच्या शेडमध्ये सोडतात आणि छपरातून बाहेर जाऊ देतात. थर्मामीटर नेऊन पाहिला, बासष्ट. कित्येक वर्षं वाया जाते आहे, आमच्या भिंतीला लागून. आणि हा माणूस थंडीभर त्या शेडच्या दाराला पाठ लावून बसायचा आणि मी समजायचो, केवढा इमानी चौकीदार. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कारखान्याने शेड वापरू दिली. भांडीही त्यांची, ऊबही त्यांची. बदल्यात फुटकी भांडी उचलायचं काम कायमचं माझ्या गळ्यात. आता ब्लॉक साच्यातून काढले की प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवस शेडमध्ये. मिस्त्री दर तासाला जाऊन हात लावून बघतो. पाणी मारता येत नाही म्हणून त्याचे हात रिकामे राहतात, तर प्लास्टिकच्या कडा सरळ करत बसतो.

माझ्यामुळे तुझी झोप गेली. एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर खोडावं लागेल.

तुझा
मामा

ता. क. मामीला मेणकापड आणलं. हिरवं. निळं मिळालं नाही.


१० जून

ती. मामांस नमस्कार.

लाख लावलेलं खोकं आलं. आत अभियंत्यांची सही, तारीख, ब्लॉक कुठल्या ओळीतून उचलले ते, सगळं. असा नमुना आमच्याकडे क्वचितच येतो. ब्लॉक फोडले. निकाल सोबत आहे, पाकीट मामींसमोर उघडा.

प्रमुख बाईंनी चूक हाच शब्द वापरला. माझ्या फाइलमध्ये एक कागद लागला, आणि सहा महिने मी एकटीने सही करायची नाही. या अहवालावर त्यांची सही वर आहे, माझी खाली. वरची जागा दुसऱ्याला मिळाली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं, आणि आता पाण्याचं पुस्तक वाचून संपलं आहे.

शेवटची ओळ याही अहवालात आहे. दुमडू नका.

तुमची
खडू


१७ जून

चि. खडूस आशीर्वाद.

पाकीट सगळ्यांसमोर उघडलं. मामी, मिस्त्री, चौकीदार, आणि नेमके साडूही आलेले. मी मोठ्याने वाचलं: सरासरी एकोणचाळीस. अभियंत्याने त्याच दिवशी मंजुरी दिली. पहिल्या दोन हजारांवरून आज स्ट्रेचर गेलं, वर माणूस होता, आणि तो झोपलेला होता.

या वेळी फ्रेम एक वीत मोठी घेतली. शेवटची ओळ खाली सुटीसुटी दिसते. मिस्त्रीला वाचता येत नाही, पण तो येणाऱ्या प्रत्येकाला बोटाने तीच ओळ दाखवतो.

ड्रायव्हर मागच्या आठवड्यात परत आला. त्याला बसवून सगळं सांगितलं. म्हणाला, त्यात काय, डबा गरम राहायचा. अंथरूण थोडं करपलं होतं, त्याचे पैसे द्या. दिले.

साडू निघताना फ्रेमसमोर थांबले. या वेळी स्वतःहून. वाचलं, मग जुना अहवाल मागितला, तोही वाचला, दोन्ही शेजारी धरले. म्हणाले, फेब्रुवारीत शब्द दिला होतात, पोती उचलायला कधीपासून येता? मामीने हिशोब घातला आणि सोमवार सांगितला.

आमचे, म्हणजे माझी मूठ, मिस्त्रीचे हात, कारखान्याची भट्टी आणि तुझं पुस्तक, सगळं मिळून एकोणचाळीस भरले. ड्रायव्हरचे बेचाळीस होते.

तुझा
मामा